बीए मराठीनंतर डिजिटल मीडिया प्रॉडक्शन: टेक्निकल काही येत नाही, जमेल का?

शाईपेन:
बीए (मराठी) झालंय, बारावी आर्ट्स. व्हिडिओ-ऑडिओ निर्मितीत पोस्ट ग्रॅज्युएशन करायचंय. कोडिंग शून्य, कॅमेरा म्हणजे हातातला फोन. एफटीआयआय (पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट) सारख्या ठिकाणी आर्ट्सवाल्यांना घेतात का? खासगी कोर्स निवडताना काय बघायचं? प्रवेशाआधी घरच्या घरी काय शिकून ठेवता येईल?

रशप्रिंट:
घेतात. दिग्दर्शन, संकलन, छायालेखन (कॅमेरा) यांना कुठल्याही शाखेची पदवी चालते. अडतं ते साउंडला. तिथे बारावीला फिजिक्स असावं लागतं. या विषयांचे एफटीआयआयच्या चित्रपट विभागातले कोर्स ३ वर्षांचे, टीव्ही विभागातले १ वर्षाचे. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल मीडियाचे २ वर्षांचे वेगळे कोर्स आहेत. दिल्लीत जामियाचं एमए मास कम्युनिकेशन आहे.

खासगीत नावावर जाऊ नका. 'डिजिटल मीडिया' म्हणून प्रवेश देतात आणि आत निम्मं डिजिटल मार्केटिंग निघतं. अभ्यासक्रम मागून घ्या आणि सरळ विचारा: एका कॅमेऱ्यामागे किती विद्यार्थी? एडिट लॅब संध्याकाळी उघडी असते का? शेवटची फिल्म प्रत्येकाची स्वतंत्र की दहा जणांत एक? उत्तर गोलगोल आलं तर फी भरू नका. पुढे शिकवायचा विचार असेल तर एमए-च करा; यूजीसी-नेटला (कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा) पदव्युत्तर पदवी लागते, खासगी डिप्लोमावर ते भागत नाही.

पन्नास_हर्ट्झ:
कोडिंगची धास्ती सोडा, ते लागत नाही. आर्ट्सवाल्यांची विकेट पडते ती चार-पाच साध्या आकड्यांवर, आणि ते आठवड्याभरात हाताखालून जातात.

फोन आपणहून सेकंदाला ३० फ्रेम्सवर (चित्रांवर) चालतो आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ प्रकाश घ्यायचा ते, स्वतः ठरवतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/६० सेकंदावर गेलं की चित्रात काळे पट्टे सरकायला लागतात आणि एडिटमध्ये ते धड जात नाहीत. म्हणून मॅन्युअल मोड असलेलं अ‍ॅप घ्या, २५ फ्रेम्स, शटर १/५०, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) लॉक.

दुसरी भानगड आवाजाची. फोनचा फ्रेमरेट मध्येच कमी-जास्त होतो. वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज सुरुवातीला जुळतो, वीस मिनिटांनी ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. एडिटला बसण्याआधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेमरेट करून घ्या. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर, मोठ्यात मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास. शून्याला टेकून फाटला तर तो घालवल्यातच जमा. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर. पंखा बंद. आणि निघायच्या आधी रिकाम्या खोलीचा ३० सेकंद आवाज घ्या. संवाद कापले की मधली भोकं त्यानेच बुजतात.

टाइमलाइन_ताई:
वरचं सगळं बरोबर, पण नुसते आकडे पाठ करून मुलाखतीत काही होत नाही. तिथे तुम्ही बघता कसं, ते बघतात. तीन मिनिटांची एकच फिल्म करा, संवादाशिवाय. सायकलचं पंक्चर काढणं घ्या: ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडा दिसला, कानशीने घासली, सोल्यूशन लावलं, वाळू दिलं, पॅच ठोकला. प्रत्येक कृती लांबून आणि जवळून अशी दोनदा. शॉट किमान १० सेकंद धरा, नाहीतर कापायला जागाच उरत नाही. हात फ्रेममध्ये येण्याआधी कॅमेरा चालू हवा.

एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती भरपूर झाली. रॅम १६ जीबी हवी. ८ वर फोरके अडखळतं, तेव्हा प्रॉक्सी (त्याच व्हिडिओच्या हलक्या कॉप्या) बनवून काम करा. जागेचा हिशेब आधीच मांडा: सेकंदाला १०० मेगाबिटने शूट केलं तर तासाला ४५ जीबी जातात. हार्ड डिस्क एक्सफॅटमध्ये फॉर्मॅट करा, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हीकडे लिहिता येतं. आणि दुसऱ्या डिस्कवर कॉपी होऊन ती उघडून बघेपर्यंत कार्ड पुसायचं नाही. घाईत नेमका इथेच घोळ होतो.

शाईपेन:
मनापासून आभार सगळ्यांचे. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मराठी नाव टाकलं की वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट बदलून बघितले, फरक नाही.

टाइमलाइन_ताई:
फॉन्टचा दोष नाही. प्रेफरन्सेस, ग्राफिक्स, तिथे टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा आणि नाव नव्याने टाइप करा. फॉन्ट युनिकोडच घ्या, जुने डीटीपीचे नकोत. सबटायटलची एसआरटी फाइल (ओळी आणि त्या दिसायच्या वेळा असलेली साधी टेक्स्ट फाइल) सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. मजकूर मराठीत चालेल, वेळ मात्र इंग्रजी अंकांतच लिहा. सेकंदांनंतर स्वल्पविराम द्या. टिंब दिलं तर काही प्लेअर ती ओळ उचलतच नाहीत.