पार्क आणि अख्खा डोंगर, दोन्हीला एकच जोडी: ट्विन टिप कोणती घ्यावी?

घाटउतार

मंडळी, या मोसमात ट्विन टिप (दोन्ही टोकं वर वळलेली) स्कीची एकच जोडी घ्यायची आहे आणि तिच्यावरच सगळं भागवायचं आहे. सध्याची स्की बुटाखाली ७६ मिमी रुंद, चपट्या शेपटीची. ग्रूमरवर (यंत्राने सपाट केलेल्या उतारावर) झकास चालते, पण स्विच (उलटं, पाठ पुढे करून) उतरलं की शेपूट बर्फात रुतते, म्हणजे पार्कात (उड्या आणि रेलच्या जागेत) शून्य उपयोग.

उंची १७५ सेंमी, वजन ७२ किलो. बुटाचा फ्लेक्स (कडकपणा) ११०, सोल ३०५ मिमी, ग्रिपवॉक (चालायला सोपा, किंचित वळलेला सोल). मुक्काम डेन्व्हरजवळ, पास एपिक (ठरावीक स्की रिसॉर्टचा मोसमी पास), त्यामुळे बहुतेक वेळ कीस्टोन आणि ब्रेकेन्रिज. ब्लॅक रन (अवघड उतार) नीट उतरतो, मोगलमध्ये (बर्फाच्या उंचवट्यांत) तारांबळ उडते. पार्कात छोट्या-मध्यम उड्या, १८० (अंशांची अर्धी गिरकी), बॉक्स (घसरत जायची रुंद पेटी) आणि सरळ रेल (धातूचा दांडा). साधारण ६० टक्के वेळ डोंगरावर, ४० टक्के पार्कात.

यादीत आर्माडा एआरव्ही ९६, के२ पोचर, फॅक्शन प्रॉडिजी २ आणि लाइन ब्लेंड आहेत. रुंदी ८८ घेऊ, ९६ घेऊ की थेट १००? लांबी १७० की १७७? बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी खिट्टी) कुठे बसवायचं? दुकानदाराचं एकच पालुपद: ‘पार्क म्हटलं की सेंटर.’ फेब्रुवारीत गुलमर्गचाही बेत आहे, तिथे हीच जोडी चालेल का?

कडकबर्फ

आधी बर्फाचा विचार करा, मॉडेलचा नंतर. कीस्टोनला बहुतेक दिवस पायाखाली दाबलेला, घट्ट बर्फ असतो. ताजा बर्फ पडला तरी सकाळी दहा-साडेदहापर्यंत त्याचा चोथा झालेला असतो. अशा जमिनीवर रुंदीचा एकेक मिलिमीटर एज (स्कीची धातूची कड) बदलताना जाणवतो. ८४ ते ८८ ची खरी पार्क स्की ग्रूमरवर चपळ असते, पण तुकड्या-तुकड्यांच्या बर्फात भरकटते. १०० च्या पुढे गेलात की रेलवर उभं राहायला जागा मिळते, मात्र घट्ट बर्फात एजवर टेकायला गुडघ्यांचा जोर जास्त लागतो. तुमच्या ६०-४० ला ९२ ते ९६ बरोबर बसतं.

रुंदीपेक्षा जास्त बघायची गोष्ट म्हणजे कॅम्बर. स्की सपाट फरशीवर ठेवा. बुटाखाली ती कमानीसारखी उचललेली हवी, आणि पुढे-मागे रॉकर (टोकांकडचा वरचा उठाव) माफक. कमानीमुळे उडी घेताना उसळी मिळते आणि घट्ट बर्फात एज पूर्ण लांबीने लागतो. पूर्ण रॉकरवाली स्की बटर (टोकावर वजन टाकून फिरणं) करायला मजेदार, पण कोलोरॅडोच्या जानेवारीत आइसवर घसरत बसाल.

शेपटीकडेही नीट बघा. ट्विन टिप म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी स्कीची शेपूट जेमतेम उचललेली असते. स्विच उतरताना चोथा बर्फात तीच रुतते, म्हणजे तुमची आत्ताची तक्रार पुन्हा दारात हजर. शेपूट जवळपास टोकाइतकी वर आलेली हवी. (मागून येणाऱ्याच्या तोंडावर बर्फाचं कारंजं उडतं, तेवढं चालायचंच.) १९९८ मध्ये सॉलोमनने टेनएटी ही ट्विन टिप स्की बाजारात आणली ती उलटं उतरता यावं म्हणूनच. तेव्हा शेपटीवर काटकसर असेल तर ट्विनचे पैसे कशाला मोजायचे?

लांबी १७७. १७० कागदावर सोपी वाटते, पण दोन्ही टोकं वळलेली असल्यामुळे बर्फाला टेकणारा एज छापील लांबीपेक्षा बराच कमी असतो. ट्विन टिप नेहमी आकड्यापेक्षा आखूड चालते. ७२ किलोच्या माणसाला १७० वर वेगात टोक फडफडल्याचं जाणवेल, आणि उडीनंतर वजन जरा मागे गेलं की सावरायला शेपूटच उरणार नाही. पार्कात फक्त रेल आणि बटर करणारा असता तर १७० म्हटलं असतं.

यादीबद्दल. पोचर यातली सगळ्यात आडदांड. उड्या आणि वेग यांना उत्तम, रेलवर दाबून वाकवायला ताकद लागते. ब्लेंड बरोबर उलट: मऊ, १०० मिमी, बटरसाठी लाडकी, पण सकाळच्या घट्ट ग्रूमरवर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. प्रॉडिजी २ डोंगराकडे जास्त झुकते, टोकं मऊ आणि पायाखाली बऱ्यापैकी कणखर. एआरव्ही ९६ मधोमध. तुमच्या वर्णनाला मी एआरव्ही किंवा प्रॉडिजी म्हणेन. दर काही वर्षांनी नाव तेच ठेवून आतला साचा बदलतात, तेव्हा रुंदी, लांबी आणि रॉकर ज्या वर्षीची स्की घेताय त्याच वर्षीचे बघा.

डिन_साडेसहा

कडकबर्फ यांच्याशी जवळपास सहमत. पण या चारांतली कुठलीही घेतलीत तरी तिचा स्वभाव ठरणार तो बाइंडिंगच्या जागेवर, त्यामुळे दुकानदाराचं ‘सेंटर’ तेवढं ऐकू नका.

खरा मध्य म्हणजे ०. साधी ग्रूमर स्की त्याच्या ८ ते ११ सेंमी मागे बसवतात. पार्कवाले ० ते -२ वर, आणि दोन्ही करणारे -२ ते -५ च्या पट्ट्यात. मध्यावर बसवलं की गिरकीत दोन्ही बाजूंचं वजन समान राहतं आणि स्विच चालणं सरळ चालण्याइतकंच सोपं होतं. त्याची किंमत अशी: पुढे स्की उरत नाही, मोगलमध्ये टोक आपटतं, मऊ बर्फात टोक खाली जातं, आणि लांब शेपटीमुळे वळण संपवताना एज सुटता सुटत नाही. मोगलमध्ये आत्ताच तारांबळ उडत असेल तर ० वर ती वाढेल. मी -३ म्हणेन. १८० आणि ३६० ला -३ ने काही अडत नाही.

अडचण अशी की बऱ्याच कंपन्या स्कीवर दोन-तीन रेघा छापतात आणि प्रत्येकीची ‘शिफारस’ वेगळ्या ठिकाणी असते. टोकापासून शेपटीपर्यंत सरळ रेषेत टेप धरा, निम्मं करा, तिथे पेन्सिलने खूण करा आणि छापील रेघ त्या खुणेपासून किती मागे आहे ते मोजा. दुकानाला सांगताना ‘शिफारशीच्या रेघेवर’ असं मोघम न सांगता ‘खऱ्या मध्यापासून -३, बुटाच्या सोलवरची मधली रेघ इथे’ असं लिहून द्या.

भोकं पाडण्यापूर्वी दोनदा खात्री करा. स्कीवर ड्रिलचा आकडा छापलेला असतो, साध्या लाकडी गाभ्याला बहुधा ३.६ × ९ मिमी आणि धातूचा पत्रा असेल तर ४.१ × ९. पुढे जागा बदलायची झाली तर जुन्या आणि नव्या भोकांच्या मध्यांत निदान १ सेंमी अंतर हवं, नाहीतर उडीच्या धक्क्याने मधलं लाकूड फाटून स्क्रू उपटतात. जुन्या भोकांत गोंद लावून प्लग ठोकायचा, उघडी ठेवलीत तर पाणी शिरून गाभा फुगतो. ‘बसवून बघू, नंतर सरकवू’ हे फार तर एकदा परवडतं.

बाइंडिंग ग्रिपवॉकला चालणारंच घ्या. तुमची उंची, वजन आणि ३०५ चा सोल पाहता डिन (बाइंडिंग किती जोराला बूट सोडेल तो आकडा) साधारण ६ ते ८ च्या दरम्यान येईल. नेमका आकडा वय आणि स्कीइंगच्या पद्धतीवरून दुकानातला तंत्रज्ञ तक्त्यातून काढेल, ते काम स्वतःच्या अंदाजाने करू नका. ४ ते १३ चं मार्कर ग्रिफन किंवा त्या पट्ट्यातलं टायरोलिया अटॅक बरोबर बसेल, कारण तुमचा आकडा स्प्रिंगच्या मधल्या भागात येतो. ६ पासून सुरू होणारं भारी बाइंडिंग घेऊन तळाच्या आकड्यावर लावण्यात पैशांची नासाडी. लुक पिव्हटची टाच पायाखाली फिरते आणि तिरक्या धक्क्यात पटकन सोडत नाही, म्हणून पार्कवाले तिच्यावर जीव टाकतात. बजेट असेल तर घ्या, पण १५ ऐवजी १२ किंवा १४.

ब्रेकची रुंदी: ९६ च्या स्कीला पिव्हटचा ९५ किंवा मार्करचा १०० पुरतो. ११५ चा लावलात तर त्याचे हात बाहेर लोंबतात, तीव्र वळणात बर्फाला आणि पार्कात रेलला अडकतात.

उडीनंतर स्की आपोआप सुटते म्हणून डिन वाढवणारे बरेच भेटतील. तसं करण्याआधी तीन गोष्टी तपासा: टाचेचा पुढे ढकलणारा दाब खुणेत आहे का, सोलखाली बर्फ चिकटून गोठलाय का, आणि बुटाची टाच चालून चालून झिजलीय का. सहसा यातलंच एखादं कारण निघतं.

घाटउतार

डोळे उघडले! म्हणजे ९६, १७७, -३. दोन उपप्रश्न. रेलसाठी एज बोथट करा म्हणतात, पण मग ग्रूमरवर काय पकडणार? आणि गेल्या वर्षीची वापरलेली पार्क स्की निम्म्या किमतीत मिळतेय, ती घेऊ का?

मेणकापड

एजचं मी सांगतो. रेलवर स्की आडवी असते. धारदार एज वेल्डिंगच्या सांध्यात किंवा खरवडलेल्या धातूत अडकला की तुम्ही पुढे तोंडावर. म्हणून पार्कवाले बुटाखालची धार घालवतात. पूर्ण गोल केलीत तर घट्ट बर्फावर पकड गेलीच, कारण वळणात सगळ्यात जास्त भार तिथेच येतो.

मधला मार्ग असा. टोक आणि शेपूट जिथे बर्फाला टेकायला लागतात तिथपासून पाच-सात सेंमी दोन्हीकडे गमी स्टोनने (रबरी घासणीने) धार बोथट करा. बुटाखाली, बाइंडिंगच्या पुढच्या तुकड्यापासून मागच्यापर्यंत, बेसच्या (तळाच्या) बाजूचा कोन १ ऐवजी २ अंश करा आणि बाजूचा कोन १ अंशावर सोडा. उरलेली स्की नेहमीसारखी, बेस १ आणि बाजू २ अंश. एज थोडा वर उचलला जातो, रेलला अडकत नाही, पण स्की नीट कलवली की पकडतो. एक मात्र ध्यानात ठेवा, बेसचा कोन वाढवणं सोपं आणि कमी करायचा तर यंत्रावर अख्खा बेस घासावा लागतो. दीड अंशापासून सुरुवात करा.

रेलवरून आल्यावर एजवर उभे राहिलेले धातूचे दात लगेच काढा. तिथे थेट कानस चालवू नका. घर्षणाच्या उष्णतेने आणि माराने तो भाग कडक झालेला असतो, कानस घसरते आणि तिचेच दात जातात. आधी डायमंड स्टोन ओला करून फिरवा, खरखर थांबली की मग कानस. स्की घेतानाच साइडवॉलची (स्कीच्या बाजूच्या भिंतीची) वरची कड ४५ अंशात थोडी तासून घ्या, नाहीतर दोन स्की एकमेकींवर आपटून वरच्या थराचे टवके उडतात.

वापरलेल्या पार्क स्कीबद्दल: बुटाखालचा एज नखाने चाचपा. आडव्या केसासारख्या चिरा एक-दोन असतील आणि एज हलत नसेल तर घेता येते. एज आत दबलाय किंवा साइडवॉलपासून सुटलाय तर राहू द्या. शेपटीकडे थर उकललेत का ते बाजूने बघा. आधी किती वेळा भोकं पाडलीत ते मोजा, दोन संच असतील तर तुमच्या ३०५ च्या सोलला -३ वर जागा मिळते का हे मापून मगच पैसे द्या. शेवटी दोन्ही स्की बेसला बेस लावून जुळवा. कमानीची पोकळी एकीत दिसतेय आणि दुसरीत नाही, तर दुसरीची कमान बसलीय.

थर जरा उकलला असेल तर घरी जमतं. स्की दोन दिवस उबेत उभी करून पूर्ण वाळवा, फटीत दोन भागांचं सावकाश सुकणारं इपॉक्सी पातळ पात्याने आत ढकला, वर मेणकागद, दोन्हीकडे लाकडी पट्ट्या आणि क्लॅम्प, २४ तास. घाई करून ओल्यावर चिकटवलंत तर पहिल्याच उडीला पुन्हा उघडणार.

कडकबर्फ

गुलमर्गचं राहिलं. तिथे गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून अफरवाट डोंगरावर गेलात की सगळा खेळ ऑफ-पिस्टचा (न आखलेल्या उताराचा) आणि पावडरचा (खोल, भुसभुशीत बर्फाचा). ९६ मिमी आणि -३ वर खोल बर्फात टोक बुडू नये म्हणून दिवसभर मागे रेलावं लागेल, मांड्या दुपारीच संपतील. ही जोडी डेन्व्हरलाच ठेवा आणि त्या आठवड्यापुरती १०५-११० ची भाड्याने घ्या. बूट मात्र स्वतःचेच न्या. त्या उतारावर बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि स्थानिक गाइड यांशिवाय जाऊ नका, हिमस्खलन तिथे नेहमीचं आहे.

डिन_साडेसहा

बूट नेणारच आहात तर भाड्याच्या बाइंडिंगला ग्रिपवॉक चालतं का, हे आधी फोन करून विचारा. जुनी बाइंडिंग फक्त साध्या अल्पाइन सोलची असतात. बूट आत गेल्यासारखा वाटतो, खटका वाजतो, आणि पडल्यावर सुटत नाही.