मूळ गाण्यापेक्षा सरस ठरलेली कव्हरं: नेमकं काय बदललेलं असतं?

सहावी_तार
चार जणांचा बँड आहे: दोन गिटार, बेस, ड्रम. गायिका दुसरी गिटारही वाजवते. तासाभराचा कार्यक्रम, आठ-नऊ गाणी, सगळी कव्हरं, म्हणजे दुसऱ्यांची गाणी आमच्या पद्धतीने. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

मूळ गाण्याच्या तोडीची किंवा त्याहून सरस म्हणता येतील अशी कव्हरं कोणती आणि त्यांत काय बदललं? पट्टी, लय, कॉर्ड, शब्द, वाद्यं, जे असेल ते नेमकं सांगा. ‘जीव ओतलाय’ एवढ्यावरून काही बसवता येत नाही.

दुसरं, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ रेकॉर्ड लावून वाजवताना आमची गिटार अर्धा सूर वर राहते. कॉर्ड तर बरोबर आहेत.

तिसरं, यातलं एखादं गाणं रेकॉर्ड करून प्रसिद्ध करायचं तर परवानगी कुणाची लागते?

जुनी_तबकडी
आधी अर्ध्या सुराचं. हेंड्रिक्सने सहाही तारा अर्धा सूर उतरवल्या आहेत. बोटं सी शार्प मायनरच्या आकारात, पण कानाला येतो सी मायनर. तुम्ही नेहमीच्या ट्युनिंगमध्ये वाजवत असाल तर काळी एक (सी शार्प) ऐकू येणार आणि रेकॉर्ड पांढरी एकवर (सी). बेसच्या तारासुद्धा उतरवा, नाहीतर दोन गिटार जुळतील आणि बेस भांडत राहील. उतरवलेल्या तारा सैल होतात, त्यामुळे जोरात छेडलं की पहिला क्षण सूर चढतो. एका नंबरने जाड तारांचा संच लावलात तर हा त्रास बराच कमी होतो.

आता मूळ मुद्दा. मूळ गाणं बॉब डिलनचं, त्याचा अल्बम डिसेंबर १९६७ चा. या गाण्यात त्याची अकूस्टिक गिटार, हार्मोनिका, बेस आणि ड्रम एवढंच. चौथ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारी चिमटी), आकार ए मायनर, जी, एफ, जी. हेंड्रिक्सने जानेवारी १९६८ मध्ये, म्हणजे महिन्याच्या आत, लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत ते रेकॉर्ड करायला घेतलं आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यावर थर चढवले. कॉर्डची साखळी त्याने हलवलीच नाही. तीन कडवी, ध्रुवपद नाही, तेच तीन कॉर्ड शेवटपर्यंत. मूळ गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये हार्मोनिका जागा भरते. हेंड्रिक्सने सगळी कामगिरी त्या मोकळ्या जागांत केली आहे.

मधला सोलो चार तुकड्यांचा आहे आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा आवाज आहे: आधी साधी गिटार, मग प्रतिध्वनीसकट स्लाइड (तारेवर नळी सरकवून), मग वाह पेडल (पायाने आवाज उघडझाप करणारं), शेवटी सुटे सूर बाजूला ठेवून कॉर्ड छेडणं. कॉर्ड बदलत नाहीत म्हणून आवाज बदलावा लागतो. नवे वादक इथेच चुकतात. वाह पहिल्या बारपासून दाबून ठेवतात, आणि तिसऱ्या तुकड्यापर्यंत ऐकणाऱ्याला नवं काही उरत नाही. दोन गिटार आहेत तर तुकडे वाटून घ्या. नवव्या फ्रेटवरचं सी शार्प मायनर पेंटाटॉनिक (पाच सुरांची सरगम) पहिल्या तुकड्याला पुरेसं आहे, शेवटच्या चढत्या जागेसाठी वरच्या फ्रेटवर जा. आणि मागची बारा तारांची अकूस्टिक विसरू नका, ती डेव्ह मेसन या गिटारवादकाने वाजवली आहे. रेकॉर्डची भरदार वीण त्या गिटारीमुळे आहे. दुसऱ्या गिटारने तेच काम करावं, तिने सोलोच्या वाटेला जाऊ नये.

माझ्या मते मूळ गाण्याला मागे टाकणारं याहून स्पष्ट उदाहरण नाही. पुढे खुद्द डिलनच मैफलीत ते हेंड्रिक्सच्या वळणाने वाजवू लागला.

पांढरी_चार
गायिका असेल तर ‘रिस्पेक्ट’ ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. ओटिस रेडिंगचं मूळ १९६५ चं, अरीथा फ्रँकलिनचं १४ फेब्रुवारी १९६७ ला न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड झालेलं. दोन्ही ओळीने ऐका आणि कागदावर मांडा.

ओटिसच्या गाण्यात ब्रिज, म्हणजे वेगळ्या कॉर्डचा मधला तुकडा, नाही. कडवं, ध्रुवपद, कडवं, असा सरळ धावतो तो. अरीथाच्या चमूने सॅम अँड डेव्ह या गायक जोडीच्या एका गाण्यातले कॉर्ड उचलून किंग कर्टिसच्या सॅक्सोफोनखाली ठेवले. गाणं पांढरी एकमध्ये आणि तो तुकडा काळी तीनच्या (एफ शार्प) मायनरमध्ये. षड्जापासून याहून लांबचा सूर सप्तकात नाही. म्हणून सॅक्सोफोन सुरू होताच खोलीतला दिवा बदलल्यासारखं वाटतं आणि परत येताना तेच ध्रुवपद नवं लागतं. दुसरी भर म्हणजे ‘रिस्पेक्ट’ शब्दाची अक्षरं सुटी करून म्हणणं. तिसरी, मागे गाणाऱ्या तिच्या बहिणींचे आवाज. ओटिसकडे पितळी वाद्यं जिथे उत्तर देतात तिथे इथे बायका उत्तर देतात. शब्द फारसे न बदलताही बोलणारी व्यक्ती बदलली. आधी घरी परतलेला नवरा मान मागत होता, आता बाई मागते.

तुमच्याकडे सॅक्सोफोन नाही. तो तुकडा गिटारवर घ्या, पण गाळू नका. आणि मागचे आवाज बेसवाला-ड्रमवाल्याने गायचे असतील तर पहिले दोन आठवडे वाद्यांशिवाय, टाळ्यांवर बसवा. वाजवता वाजवता उलट तालावर गाणं पाठ होत नाही, दोन्ही बिघडतं.

व्हिटनी ह्यूस्टनच्या ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ बद्दल थोडक्यात: डॉली पार्टनचं मूळ १९७४ चं, घरगुती आणि नाजूक. व्हिटनीची सुरुवात जवळपास पाऊण मिनिट वाद्यांशिवाय आहे, पट्टी पांढरी सहा, आणि शेवटी एका शांततेनंतर ड्रमचा ठोका पडून एक पूर्ण सूर वर, पांढरी सात. हे बसवायचं तर पट्टी उलटी ठरवा. गायिकेला शेवटचं ध्रुवपद सलग पाच वेळा घसा न ताणता म्हणता येईल ती पट्टी शोधा आणि तिथून एक सूर खाली येऊन सुरुवात करा. सुरुवातीच्या सोयीने पट्टी घेणारे शेवटी हमखास किंचाळतात.

तिहाई
वरच्या दोघांनी लयीला हात लावला नाही. माझ्या लेखी सगळ्यात मोठा बदल तिथे होतो.

बीटल्सचं ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ १९६७ चं, चार मात्रांचं, चालतं-फिरतं, आपल्या भाषेत केरव्याच्या अंगाचं. गाणाऱ्या ड्रमवाल्या रिंगोच्या गळ्यासाठी चाल जवळपास पाच सुरांत ठेवली आहे, शेवटचा सूर तेवढा उंच. जो कॉकरने १९६८ मध्ये तेच गाणं विलंबित दादऱ्यात नेलं. सहा मात्रा, लांबलचक ऑर्गनची सुरुवात, मधल्या भागाचे कॉर्ड बदललेले. चाल पाच सुरांची असल्यामुळेच त्याला वर-खाली फिरायला मोकळं रान मिळालं. आधीच तानांनी भरलेली चाल घेतली असती तर हे जमलं नसतं. कव्हरसाठी गाणं निवडताना ही खूण उपयोगी पडते: साधी चाल, चांगले शब्द.

बसवायची रीत अशी. मेट्रोनोम आधी सहाही मात्रांवर लावा. किक (पायाचा मोठा ड्रम) पहिलीवर, स्नेअर (खणखणीत छोटा ड्रम) चौथीवर, हाय-हॅट (झांजांची जोडी) सहाही. बेस फक्त पहिली आणि चौथी. आठवडाभर एवढंच. मग मेट्रोनोम दोन ठोक्यांवर आणा. घोळ नेहमी एकाच ठिकाणी होतो: ड्रमवाला तीन-तीनच्या गटात गेलेला असतो आणि गिटारवाल्याचा उजवा हात जुन्या सवयीने दोन-दोनच खाली-वर करत राहतो. तालीम थांबवा, गिटार खाली ठेवायला लावा, तोंडाने ‘धा धी ना धा ती ना’ म्हणायला लावा. हात आपोआप सुधारतो.

श्वासाचं गणित आधी करा. मिनिटाला १२० ठोक्यांवर आठ मात्रांची ओळ ४ सेकंदांत संपते, ७० वर तीच जवळपास ७ सेकंद चालते. जोरात गाताना एका दमात जमेलच असं नाही. मग श्वास कुठे घ्यायचा ते अर्थ पाहून कागदावर खुणा करून ठरवा. क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये तोडलंत तर हळू गाणं फक्त रेंगाळलेलं वाटतं.

मंद्र_षड्ज
जॉनी कॅशचं ‘हर्ट’ कुणी काढलं नाही म्हणून काढतो, आणि ते मूळ गाण्याला मागे टाकतं असं सरसकट म्हटलं जातं त्याला माझा विरोध आहे. नाइन इंच नेल्स या बँडच्या १९९४ च्या मूळ गाण्यात कडव्याच्या बी कॉर्डमध्ये ई शार्प आहे. बी ला सा धरा, तो तीव्र मध्यम येतो. पंचमाच्या इतका जवळ की सतत खुपत राहतो. त्या माणसाचं काही ठीक नाही हे शब्दांआधी तो सूर सांगतो. कॅशने २००२ मध्ये तो काढून टाकला. ए मायनर, सी, डी, साध्या अकूस्टिक गिटार, आणि ध्रुवपदात पियानोचा एकच सूर पुन्हा पुन्हा, दर वेळी जास्त जड. एका ओळीतला शिवराळ शब्द बदलून काट्यांचा मुकुट केला. सत्तरीतला थकलेला आवाज तेच शब्द म्हणतो तेव्हा ते आयुष्याचा हिशेब होतात. पण ती बेचैनी गेली ती गेलीच. मी ही दोन गाणी मानतो, तोडीची दोन.

बसवणार असाल तर पियानोचा तो सूर दुसऱ्या गिटारवर घ्या, पिकने, एकाच तारेवर. पहिल्या ध्रुवपदात निम्म्याहून कमी जोर ठेवा. सुरुवातीलाच सगळा जोर लावला तर शेवटाला काही शिल्लक राहत नाही.

‘हॅलेलुया’ घेणार असाल तर एक धोका आहे. कवी-गायक लेनर्ड कोहेनचं मूळ १९८४ चं. १९९१ मध्ये जॉन केलने कोहेनकडून जादा कडवी मागवून नवी निवड केली आणि नुसत्या पियानोवर गायलं. १९९४ मध्ये जेफ बकलीने केलची ती निवड एका इलेक्ट्रिक गिटारवर घेतली, पाचव्या फ्रेटवर कॅपो, जीचे आकार. म्हणजे जगाला माहीत असलेलं गाणं हे कव्हरचं कव्हर आहे. धोका पहिल्या कडव्यात आहे. शब्द ज्या कॉर्डचं वर्णन करतात तेच कॉर्ड त्या क्षणी वाजत असतात: चौथा, पाचवा, मग मायनर, मग मेजर. पांढरी एकमध्ये एफ, जी, ए मायनर, एफ. पट्टी हवी ती घ्या, नातं तेच राहतं. पण तिथे वेगळे कॉर्ड घालून गाणं सजवायला गेलात तर शब्द खोटे पडतात.

आपल्याकडे कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदं गायली त्या कार्यक्रमाचं नाव ‘मला उमजलेले बालगंधर्व’ होतं. कव्हर म्हणजे काय याची एवढी नेमकी व्याख्या दुसरी मला माहीत नाही. त्यातला ‘मला’ महत्त्वाचा आहे.

कलम_आणि_कागद
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ३१सी पाहा, २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं. मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षं उलटलेली हवीत. पूर्वी ही मुदत दोन वर्षं होती. शब्द आणि संगीत यांच्या हक्कधारकांना आगाऊ नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, तीही दर कॅलेंडर वर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने. एखाद्या भाषेचा प्रसार पाहून हा किमान आकडा कमी ठरवण्याची सोयही कलमात आहे. वेष्टनावर कव्हर असल्याचं स्पष्ट लिहायचं आणि मूळ कलाकाराचं नाव किंवा चित्र दिशाभूल होईल असं वापरायचं नाही.

खरी मेख पुढे आहे. या मार्गाने जाताना तांत्रिक गरजेपलीकडे शब्दांत किंवा संगीतात बदल करता येत नाही, हक्कधारकाच्या संमतीने तो आधी झालेला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे वर सगळ्यांनी ज्याचं कौतुक केलं, नवा ब्रिज, बदललेला ताल, बदललेला शब्द, त्यासाठी हक्कधारकाकडून सरळ परवानाच घ्यावा लागतो. शिवाय हे कलम फक्त ध्वनिमुद्रणापुरतं आहे. चित्रफीत करायची तर त्याची परवानगी वेगळी.

बदल करण्याची मोकळीक हवी असेल तर ज्यांची मुदत संपली आहे ती गाणी घ्या. लेखक-संगीतकाराच्या निधनानंतरचं वर्ष धरून ६० वर्षं. नाटककार खाडिलकर १९४८ मध्ये गेले, संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये, भास्करबुवा बखले १९२२ मध्ये. त्यामुळे ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ मधल्या त्यांच्या पदांवर आता हक्क उरलेला नाही. जुन्या रेकॉर्डचा तुकडा मात्र उचलू नका, ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा मोजला जातो.

सहावी_तार
सगळ्यांचे आभार. तारा उतरवल्या, जुळलं. ‘स्वयंवर’ मधलं ‘नाथ हा माझा’ घ्यावं असं ठरतंय. गायिकेची पट्टी काळी पाच. यमन गिटारवर कॉर्डसकट कसा सांभाळायचा?

मंद्र_षड्ज
तिसऱ्या फ्रेटवर कॅपो, जीचे आकार. यमनचा मध्यम तीव्र, आकाराच्या भाषेत तो म्हणजे सी शार्प, तेव्हा साधा सी असलेला प्रत्येक कॉर्ड बाद. सी मेजर गेला, ए मायनर गेला, त्याच्या जागी ए मेजर. उरतात जी, ए, बी मायनर, डी, ई मायनर. सवयीने डी सेव्हन लागतो, तो लावू नका, त्यातही सी आहे. बेसने षड्ज धरून ठेवावा आणि कॉर्ड ओळीत दोनपेक्षा जास्त वेळा बदलू नयेत. ताना येतील तिथे दोन्ही गिटार गप्प.