मदत हवी आहे: अब्लेशनमध्ये निर्जंतुक करून पुन्हा वापरलेला आयसीई कॅथेटर चालेल का?

आईला (वय ६४) एट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडतात. पुढच्या आठवड्यात अब्लेशन ठरलंय, म्हणजे हृदयातला ठोके बिघडवणारा भाग निकामी करण्याचा उपचार. जांघेतल्या शिरेतून हृदयात सोनोग्राफीचा कॅथेटर (बारीक नळी) घालतात, त्याला आयसीई म्हणतात. कोऱ्याचा खर्च ऐकून बाबा गप्पच बसले. मग डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं, ‘आधी वापरलेला, ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) गॅसने निर्जंतुक केलेला आहे, पैसे बरेच वाचतील.’ त्यांनी लपवलं नाही, हे मला आवडलं. पण वेष्टनावर ‘एकदाच वापरा’ची खूण असते ना, काट मारलेला २चा आकडा? तो डोळ्यांसमोरून हलत नाही.

थोडं वाचलं. अमेरिकेतही असे कॅथेटर पुन्हा वापरतात, पण तिथे २००० सालापासून पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाही मूळ उत्पादकाचेच नियम लागू आहेत. निर्जंतुक करण्याआधी रक्ताचा अंश नीट धुतला जाणं आणि नंतर गॅस पूर्ण उडून जाणं, दोन्ही महत्त्वाचं. शिवाय टोकाचे, चित्र मिळवून देणारे स्फटिक खराब झाले तर चित्र धूसर येणार.

कॅथलॅबमध्ये (हृदयात कॅथेटर घालून उपचार करतात त्या विभागात) काम करणाऱ्यांनी कृपया सांगा: हा कितव्यांदा वापरला जातोय, याची नोंद आम्हाला मागता येते का? संमतीपत्रात तसं लिहून घ्यावं का? आणि तुमच्या आईसाठी तुम्ही काय निवडलं असतं?