पात्रांमधला समतोल गेम मास्टरने कुठवर सांभाळावा?

सोंगटी:
डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या कथा-खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांनुसार आमचे कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी कथा) चालू असून त्यात मी गेम मास्टर, म्हणजे कथा आणि शत्रू चालवणारी, आहे. पाचही पात्रे आता सातव्या लेव्हलला आहेत. गेले काही सेशन्स असे होते की विझार्ड (मंत्र वापरणारे पात्र) पहिल्याच फेरीत फायरबॉल हा आगीच्या स्फोटाचा मंत्र टाकतो, निम्मे शत्रू तिथेच संपतात आणि फायटरच्या (शस्त्राने लढणाऱ्या पात्राच्या) वाट्याला उरलेसुरले येतात. फायटर खेळणारी मैत्रीण तक्रार करत नाही. पण पूर्वी आपल्या प्रत्येक वाराचे रंगवून वर्णन करणारी ती आता फासा टाकते, आकडा सांगते आणि गप्प बसते. शत्रूंचे हिट पॉइंट्स (मार सोसण्याची क्षमता) वाढवून पाहिले, तर लढाई फक्त लांबली. विझार्डच्या मंत्रांवर बंधन घालावे का? आणि पडद्याआड फासा काहीही पडला तरी ‘शत्रूचा सेव्ह (मंत्रापासून बचावासाठी टाकलेला फासा) यशस्वी झाला’ असे मी सांगितले, तर ते योग्य ठरेल का?

आडवाट:
मंत्रांना हात लावण्याआधी एक पाहा: दोन लाँग रेस्टच्या (शक्ती आणि मंत्र भरून देणाऱ्या मोठ्या विश्रांतीच्या) मध्ये तुमच्याकडे किती लढाया होतात? बहुतेक गटांत एक किंवा दोन होतात, आणि मूळ दुखणे तिथेच असते. २०१४ च्या गेम मास्टरच्या पुस्तकात दिवसभरात मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ चकमकी आणि साधारण दोन शॉर्ट रेस्ट (छोट्या विश्रांती) गृहीत धरले आहेत. सातव्या लेव्हलच्या विझार्डकडे तिसऱ्या लेव्हलचे तीन आणि चौथ्या लेव्हलचा एक स्पेल स्लॉट (त्या पातळीचा मंत्र एकदा टाकण्याची संधी) असतो. दिवसात लढाई एकच असेल, तर ते सगळे तिथेच उधळायला त्याला काहीच अडचण नसते. याउलट फायटरचे ॲक्शन सर्ज (एका फेरीत जादा कृती करण्याची क्षमता) प्रत्येक शॉर्ट रेस्टनंतर परत मिळते आणि तलवार तर कधी संपतच नाही. म्हणजे तिचे बळ दिवस लांबला तरच दिसते, आणि दिवस किती लांबवायचा हे तुमच्या हातात आहे.

हिट पॉइंट्स वाढवून काही साधले नाही याचेही कारण आहे. फायरबॉलमध्ये सेव्ह चुकलेल्या प्रत्येकाला सरासरी २८ इजा होते. लाँगस्वॉर्ड (लांब तलवार) आणि १८ स्ट्रेंग्थ (ताकदीचा आकडा) धरली, तर फायटरचे दोन्ही वार लागूनही सरासरी १७ च होते, आणि तीही बहुधा एकाच शत्रूला. शत्रू २० फूट त्रिज्येच्या वर्तुळात घोळक्याने उभे न करता दोन-तीन दिशांनी येऊ द्या, काहींना थेट आपल्या पात्रांना भिडू द्या.

पहारेकरी:
आडवाट यांचे निदान मला पटते, उपाय मात्र पूर्णपणे पटत नाही. कथा राजकारणाची किंवा प्रवासाची असेल, तर एका दिवसात सहा लढाया कोंबल्याने कथेचाच जीव जातो. त्यापेक्षा त्याच पुस्तकातला पर्यायी नियम वापरा, ज्यात शॉर्ट रेस्ट आठ तासांचा आणि लाँग रेस्ट सात दिवसांचा होतो. तेवढ्याच लढाया आठवड्याभरात विखुरतात आणि कोणाच्याही पात्रातून काही काढून घ्यावे लागत नाही. मात्र हा बदल सर्वांशी बोलून करा, कारण विझार्ड निवडणाऱ्याने जुने नियम गृहीत धरूनच तो निवडलेला असतो.

फाशाबद्दल माझे मत ठाम आहे: पडलेला आकडा बदलू नये. फासा पडण्यापूर्वी गेम मास्टरला जवळजवळ सगळे स्वातंत्र्य असते. शत्रू किती, ते कुठून येतात, कशाला घाबरतात, हे सर्व त्याने ठरवावे. पण एकदा फासा टाकला की त्याचे उत्तर त्यालाही मान्य असले पाहिजे. विझार्डच्या खेळाडूने आपला मौल्यवान स्लॉट खर्चून घेतलेला निर्णय गुपचूप फोल ठरवणे हा त्याच्यावर अन्यायच आहे, आणि फायटरला अशा मार्गाने मिळालेली संधी तिची स्वतःची नसते.

आडवाट:
फाशाबाबत सहमत. आणखी एक मुद्दा राहिला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सुरुवातीला विझार्ड, फायटर अशा सर्व वर्गांना क्षमतांचा जवळपास एकच साचा दिला. आकड्यांचा समतोल बराच साधला, पण सगळे वर्ग सारखेच वाटतात अशी तक्रार अनेक खेळाडूंनी केली. म्हणून कोणी किती इजा केली याचा हिशेब मी दुय्यम मानतो; प्रत्येकाच्या निर्णयाने कथेला वळण मिळते का, हे मला महत्त्वाचे वाटते. पूल कोसळेपर्यंत गावकऱ्यांना पलीकडे न्यायचे आहे आणि शत्रू त्यांच्यातच मिसळले आहेत, अशी लढाई मांडली तर फायरबॉल टाकता येतो, पण परवडत नाही; आणि पुलाच्या तोंडाशी पाय रोवून उभी राहणारी फायटर अचानक सर्वांत महत्त्वाची ठरते. अर्थात प्रत्येक लढाई अशी नको, विझार्डलाही घोळक्यावर फायरबॉल टाकण्याचा आनंद अधूनमधून मिळायलाच हवा.

सोंगटी:
दोघांचेही मनापासून आभार. लाँग रेस्टच्या मध्ये आमच्याकडे क्वचितच दोन लढाया होतात, त्यामुळे कारण नेमके सापडले. रेस्टचा पर्यायी नियम पुढच्या सेशनआधी सर्वांसमोर ठेवेन आणि पडद्याआडचे सेव्ह यापुढे उघड्यावर टाकेन. फायटर खेळणाऱ्या मैत्रिणीशी मात्र त्याआधी स्वतंत्रपणे बोलणार आहे, कारण तिला लढाईतच अधिक वाव हवा आहे की लढाईबाहेर, हे मी आजवर गृहीतच धरत आले आहे.