घरकुलाचा पैसा: खात्यात टाका की इमारती बांधा?

पिंप्राळ्याचा भो: काल इथं एका भाऊनं लिहिलंय की पंतप्रधान आवास योजनेतल्या घरकुलाचे अडीच लाख लोकांच्या खात्यात टाकणं म्हणजे पैसा उडवणं, लोकं त्यात लग्नं लावतात अन गाड्या घेतात, त्यापेक्षा महापालिकेनं मोठी जागा घेऊन इमारतीच उभ्या कराव्या. वाचून डोकंच उठलं. भो, तू जळगावचाच ना? हुडकोचं, म्हणजे घरांसाठी कर्ज देणाऱ्या सरकारी कंपनीचं, कर्ज काढून 11 हजारांवर घरकुलं बांधायला निघालो होतो आपण, पुरी झाली दीड हजाराच्या आसपास. 2019 ला धुळ्याच्या कोर्टानं त्या घोटाळ्यात 48 जणांना शिक्षा ठोठावली, अन ते कर्ज शहराच्या मानगुटीवर इतकी वर्षं बसलं की रस्त्यांना पैसाच उरला नाही. आता केंद्राचे दीड लाख अन राज्याचा एक लाख परत ठेकेदाराच्या हातात देऊ म्हणतो?

साधा माणूस 425001: ती पोस्ट माझीच. घोटाळ्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, नवीन सांग. माझ्या शेजारी दालमिलमध्ये हमाली करणारा माणूस राहतो, जन्म भाड्याच्या खोलीत गेला. त्याला स्वतःच्या जागेचा उतारा मागतात. जागाच नाही तर उतारा काय छापून आणेल? खात्यात पैसे त्यालाच मिळतात ज्याच्या नावावर आधीच काहीतरी आहे. याला तुम्ही गरिबाची योजना म्हणता!

भुसावळची ताई: भाऊ, आम्हाला मिळाले अडीच लाख, लग्नं लावली नाईत. घर माझ्या नावावर आहे. पायाचा फोटो काढला तेव्हा पहिला हप्ता, मंग दुसऱ्या हप्त्याची वाट बघत अर्ध्या भिंतींवर ताडपत्री टाकून पावसाळा काढला, पण आज स्लॅबखाली झोपतो. खरं लुटलं ते वाळूनं. घरकुलवाल्यांना 5 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) वाळू फुकट म्हणे, वाहतूक मात्र आपली, अन ट्रॅक्टरवाला घरकुलाचं नाव ऐकलं की भाव वाढवतो.

गिरणाकाठचा: ट्रॅक्टरवाल्यालाच बोला सगळे. 2023 ला 600 रुपये ब्रासनं वाळू मिळणार म्हणून ढोल वाजवले होते, आली का कोणाच्या दारात? आमच्याकडं रात्रभर डंपर पळतात, विहिरी खोल गेल्या, तक्रार केली तर आमच्याच पोराला धमक्या. तुमचा स्लॅब आमच्या नदीतून जातो ताई.

भुसावळची ताई: म्हणजे मी घर बांधू नको? तुमच्या गावात काय सगळे मातीच्या घरात राहतात का?

गिरणाकाठचा: तसं नाई म्हटलं मी. क्रश सॅंड, दगड फोडून केलेली वाळू, वापरा म्हटलं.

मिस्तरी नं. 1: क्रश सॅंडनं प्लास्टर फिनिशिंगला आमचा जीव जातो, मंग मालक मजुरी कापतो. बोलायला सोपंय.

पिंप्राळ्याचा भो: अरे विषय वाळूचा होता का?? महापालिका पैसा कुठं टाकणार ते बोला.

गिरणाकाठचा: तुझा विषय तुला मोठा, आमची नदी काही नाही. चालू दे.

धुळेकर: दोघं भांडताय पण आधी अतिक्रमणातल्या घरांची मोजणी करून कागद द्या, म्हणजे निम्मे लोकं खात्याच्या योजनेत बसतील. हे काम स्वस्त आहे, फक्त त्यात भूमिपूजनाचा फोटो निघत नाही म्हणून कोणी करत नाही. अन इमारती बांधल्या तरी शहराबाहेर पाच-सहा किलोमीटरवर बांधतात, हमाल मार्केटला पहाटे कसा येईल? नंतर कुलूप लावून परत झोपडीत येतो, अन आपण म्हणतो यांना फुकटचं पचत नाही.

साधा माणूस 425001: हे बोललात बरोबर. पण पहाटेची बस लावा ना, घर नाकारू नका.

पिंप्राळ्याचा भो: बरं बाबा, ज्याच्याकडं जागाच नाही त्याच्यापुरती बांधा तुझी इमारत. खूश? पण एकेक मजला चढला की बिल वॉर्डात फळ्यावर लावा, नाहीतर परत धुळ्याच्या कोर्टाच्या चकरा.

साधा माणूस 425001: उपकार झाले भो. कालपासून तेच म्हणतोय.

पिंप्राळ्याचा भो: काल तू लग्नं अन गाड्या म्हणत होता.

नवीन घर: माझं घरकुल मंजूर झालंय, त्या 5 ब्रासचा पास कुठं काढायचा तेवढं सांगा कोणी.

भुसावळची ताई: तहसीलला विचारा. अन ट्रॅक्टरवाल्याला घरकुल म्हणू नका.