म्हणे मिलमच्या रग्बी क्लबाला नॅशनल लीगनं तारलं! (१९८६ ते ९६)

डडनकाठ: कालच्या धाग्यात एकानं ठोकून दिलंय, "१९८६ ला नॅशनल लीगमध्ये घेतलं म्हणून मिलमचा क्लब जगला, नाहीतर लोखंडाबरोबरच गेला असता." डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. मिलम म्हणजे इंग्लंडच्या कंब्रियातलं, लोखंडावर जगलेलं छोटं गाव; नॅशनल लीग म्हणजे हौशी रग्बी लीग क्लबांची देशपातळीवरची स्पर्धा. क्लब १८७३ चा. हॉडबॅरोची खाण आणि गावातला लोखंडाचा कारखाना १९६८ लाच बंद पडले. मग मधली अठरा वर्षं क्लब कुणी जगवला? गावानं, घरचं खाऊन. लीगनं काय दिलं तर प्रवास! दहा क्लबांत एक यॉर्कचा हेवर्थ, एक पार पूर्व किनाऱ्यावरचा वेस्ट हल. आणि मिलममधून बाहेर पडायचं म्हणजे आधी डडनच्या खाडीला वळसा, मग ग्रिझबेकच्या अलीकडे तो ए५९५ रस्ता, जो एका शेतघराच्या भिंतींमधून जातो, समोरून ट्रॅक्टर आला की बस थांबलीच. शनिवारची पाळी बदलून घ्यायची, रजेचे पैसे स्वतःच्या खिशातून, रात्री उशिरा घरी. याला तारणं म्हणतात?

लीड्सचा_बंडू: भावना समजल्या, पण चित्र अर्धंच दाखवताय. १९७३ ला हडर्सफील्डमध्ये बारला, म्हणजे हौशी रग्बी लीगची ब्रिटिश संघटना, स्थापन झाली तेव्हा हौशी संघ उरले होते दीडशेच्या आसपास! गावानं जगवलं तर बाकीची गावं का नाही जगवू शकली? ठरावीक तेच चार शेजारी संघ, तेच निकाल, चांगली पोरं कंटाळून सोडून जायची. नॅशनल लीगमुळे विगन सेंट पॅट्रिक्ससारख्यांशी दोन हात करायला मिळाले, ज्या क्लबातून पुढे ग्रेट ब्रिटनकडून खेळलेले अँडी ग्रेगरी आणि जो लायडन आले. खेळ असाच वाढतो. बसचं भाडं काय घेऊन बसलात.

डडनकाठ: भाडं तुम्हाला भरायचं नव्हतं म्हणून "काय घेऊन बसलात". जवळच्या बॅरो शहरातल्या जहाजबांधणीच्या गोदीत नव्वदीच्या सुरुवातीला हजारो लोक घरी बसले, मिलमची कितीतरी घरं त्याच पगारावर चालायची. अशा वेळी पोरानं सामन्यासाठी हल शहरात जायचं की घरभाडं द्यायचं?

बॅरोची_वहिनी: गोदीचं अगदी खरं, आमच्या गल्लीत घरटी एक नोकरी गेली होती असं जुने लोक सांगतात. पण तुम्ही दोघं खऱ्या शत्रूचं नावच घेत नाही. युनियनवाले, म्हणजे रग्बीचाच दुसरा प्रकार, रग्बी युनियन, चालवणारे! आमच्या शेजारचे आजोबा तरुणपणी हौशी रग्बी लीग खेळले, एक पै कधी मिळाली नाही. नंतर मित्रांबरोबर युनियनच्या एका क्लबात गेले तर दारातूनच परत, का तर तुम्ही लीगचे. अजून सांगताना त्यांचा आवाज चढतो. हौशी खेळाडूंवरची ही बंदी १९८७ ला उठली. मिलमसाठी त्या दशकातली खरी मोठी गोष्ट हीच.

लीड्सचा_बंडू: उठली आणि काय झालं? पोरांना दोन्हीकडे खेळायची मुभा मिळाली तशी युनियनलाही आपली पोरं उचलायची मुभा मिळाली. हेही लिहा की.

बॅरोची_वहिनी: अहो, माणसाला माणूस म्हणून वागवलं, त्यात फायदा-तोटा कसला बघता? ब्रिटिश सैन्यात तर रग्बी लीगला मान्यता मिळायला १९९४ उजाडलं! देशासाठी लढायचं, पण आपल्या गावचा खेळ खेळायचा नाही. आणि ज्या पैशावरून १८९५ च्या ऑगस्टमध्ये उत्तरेचे क्लब युनियनमधून बाहेर पडले आणि रग्बी लीग सुरू झाली, बुडालेल्या मजुरीची भरपाई एवढंच तर मागत होते, खेळाडूंना द्यायचा तोच पैसा युनियननं १९९५ च्या ऑगस्टमध्ये खुशाल चालवून घेतला. शंभर वर्षं कामगारांच्या पोरांना बाटल्यासारखं वागवलं, त्याची कुणी साधी माफी मागितली का?

पुणेरी_प्रॉप: वहिनी, धागा मिलमचा आहे, युनियनचा वेगळा काढा. आणि त्यांच्या सगळ्याच क्लबांना एका माळेत ओवू नका. मी इथे आलो तेव्हा युनियनच्याच एका छोट्या क्लबानं मला बूट देऊन मैदानात उतरवलं.

बॅरोची_वहिनी: तुम्ही आलात तेव्हा नियम बदलले होते. आजोबांना कुणी बूट दिले नाहीत.

लीड्सचा_बंडू: बरं, १९९४ चा मुद्दा वहिनींचा बरोबर, देऊन टाकला. पण बंदी उठायला आधी तेवढी पत असावी लागते, आणि गावोगावच्या क्लबांची पत बारला आणि नॅशनल लीगनंच वाढवली. हे मान्य करायला डडनकाठ यांना एवढं जड का जातंय?

डडनकाठ: पत वाढली, मान्य. पण ती मिलमच्या पोरांच्या रजेवर आणि त्यांच्या बायकांनी काढलेल्या एकट्या शनिवारांवर वाढली. काल "लीगनं जगवलं" लिहिणाऱ्यानं त्यांचं एका ओळीत तरी नाव घ्यायला हवं होतं.