रोमहून एका दिवसात ऑर्व्हिएतो, सोबत आईबाबा आणि सहा वर्षांची लेक, जमेल का?

पारिजात:
मे महिन्यात रोमला आहोत, एक दिवस डोंगरावरचं जुनं गाव बघायचंय. बाबांचे गुडघे दुखतात, आईला चढ झेपत नाही. चिविता दि बान्योरेज्जोचे फोटो बघून मी हरखलेय पण नवरा म्हणतो ऑर्व्हिएतो बरं. कोणी घरच्यांना घेऊन गेलंय का?

मेथीकूट:
ऑर्व्हिएतोच करा. चिवितात गाडी जातच नाही, लांबलचक पूल चालत जायचं आणि शेवटी चांगलाच खडा चढ, बाबांचे हाल होतील. ऑर्व्हिएतोला रोमहून थेट रिजनल ट्रेन आहे, स्टेशन खाली आणि गाव वर कड्यावर, पण स्टेशनसमोरूनच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढली जाणारी छोटी रेल्वे, वर नेते आणि तिथून छोटी बस कथेड्रलपाशी सोडते, आमच्या सासूबाईंना कुठेच त्रास झाला नाही. फक्त रिजनलचं कागदी तिकीट गाडीत चढायच्या आधी फलाटावरच्या मशीनमध्ये पंच करायला विसरू नका, आम्ही विसरलो आणि दंड भरला.

डोंगरवाट:
आणि विहीर चुकवू नका!! फ्युनिक्युलरच्या वरच्या स्टेशनजवळच आहे, सान पात्रिझियोची. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे पळून आला, वेढा पडला तर पाण्याचं काय म्हणून त्याने ती खोदायला लावली. पन्नासएक मीटर खोल, दोन गोल जिने एकमेकांभोवती फिरत जातात पण वाटेत कुठेच भेटत नाहीत, म्हणजे रिकामी खेचरं एकाने खाली आणि पाणी लादलेली दुसऱ्याने वर. साताऱ्याजवळ लिंबच्या बारामोटेच्या विहिरीत पाणी मोटेने वर यायचं, इथे जनावरच तळाशी उतरायचं. पायऱ्या २४८, रुंद आणि बुटक्या. आम्ही उतरताना समोरच्या खिडक्यांमधून चढणारी माणसं दिसायची, माझा मुलगा प्रत्येकाला हात करत होता, तळाशी पोचेपर्यंत त्याचं तेच चाललं होतं.

पारिजात:
लेक नाचेल! पण बाबा तेवढा वेळ काय करतील?

मेथीकूट:
त्यांना कथेड्रलसमोर बसवा. १२९० मध्ये सुरू झालेलं काम, बाजूच्या भिंतींवर काळ्या-पांढऱ्या दगडाचे आडवे पट्टे. दर्शनी बाजू पश्चिमेकडे आहे, त्यामुळे दुपारनंतर ऊन मोझॅइकवर पडलं की सोनं नुसतं झळाळतं, म्हणून विहीर तुम्ही दुपारीच उरका आणि मग सगळे तिथे बसा.

पारिजात:
ठरलं, ऑर्व्हिएतो. बाबांना आत्ताच वाचून दाखवलं, म्हणाले उतरणार नाही पण विहिरीच्या तोंडाशी मला नेच.